खडकपिंपरीचा समुद्र

रायभानने पाण्याचा तांब्या तोंडाजवळ नेला, नाकापाशी क्षणभर थांबवला आणि न पिताच खाली ठेवला. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास घशात अडकला होता, तरी ठेवला.

"दोनदा गाळलंय," इंद्रायणी चुलीपुढून म्हणाली. "तुरटी फिरवली, तुळस टाकली. आता त्याच्यापुढं पोथी वाचू का?"

"काल बाजार व्हता ना. दोन दिवस वास येनारच."

"मंग दोन दिवस प्यायचंच न्हाई का?"

रायभानने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. नवराबायकोच्या बोलण्यात हा तुकडा फार वेळा कामाला येतो.

खडकपिंपरी हे टेंभुर्णीच्या अलीकडचं बाजाराचं गाव. दर मंगळवारी गुरांचा बाजार भरे. गुरांच्या हौदाचं, रंगाऱ्यांच्या पिंपांचं, तेलघाण्यांच्या धुण्याचं असं सगळं सांडपाणी एका दगडी नालीतून रमतगमत येई आणि गावच्या एकुलत्या एका पिण्याच्या बारवेच्या तिसऱ्या पायरीवर उतरे. नाली सरकारी होती. बारवही सरकारी होती. म्हणजे सरकारची एक वस्तू सरकारच्याच दुसऱ्या वस्तूत रिकामी होत होती आणि मध्ये बोलण्याचा हक्क गावात कुणालाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी गावातल्या कचरूने वैतागून नालीचे दोन दगड सरकवले होते. सरकारी मालाच्या मोडतोडीबद्दल त्याला अकरा वेळा तालुक्याला पेशीला जावं लागलं. बाराव्या वेळी तो निर्दोष सुटला, आणि गावात येताच त्याने आधी ते दोन दगड जागच्या जागी नेऊन बसवले.

रायभान लोकल फंडाच्या ठाण्यात अहलकार, म्हणजे कारकून होता. उर्दू मिडल पास झालेला गावातला पहिलाच माणूस. हैदराबादेपासून सुरू होणारं सरकार जिथे संपतं, तिथे एका मोडक्या पेटीवर तो बसलेला असे. गावाला वाटे, सरकार रायभानच्या हातात आहे. खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती.

"आशीला आषाढात आनायचं हाय," इंद्रायणी म्हणाली. "पयलं बाळंतपन. हे पानी मी तिला पाजनार न्हाई, आन् तिच्या लेकराला न्हाऊ बी घालनार न्हाई. तवर पानी नीट झालं तर ठीक. न्हाई तर वडीगोद्रीला तिच्या सासूला निरोप धाडा, आमच्या घरी पानी न्हाई म्हनून."

पहिलं बाळंतपण सासरी होणं ही लेकीच्या आईबापांनी मान खाली घालण्याची गोष्ट होती. आणि गेल्या साली आळीतली दोन तान्ही लेकरं हगवणीनं गेली होती. त्यांचं नाव दोघांनीही काढलं नाही.

"पाच दरख्वास्ती केल्यात मी," रायभान म्हणाला. "सहावी लिहून राह्यलो."

सहाव्या अर्जाचं उत्तर चैत्रात आलं. लिफाफा इतका जाड होता की काकासाहेब पाटलांनी तो हातात तोलून पाहिला आणि काम झालं असं जाहीर केलं. काकासाहेब सत्तरीचे. सगळ्या गोष्टी एकदा होऊन गेल्यासारख्या त्यांना वाटत, म्हणून ते बहुतेक वेळ चावडीत घोंगडीवर आडवे असत. लिफाफ्यासाठी ते उठून बसले. बाया दाराबाहेर उभ्या राहिल्या.

रायभान एकेक ओळ उर्दूत वाची आणि मराठीत सांगे. "सांडपान्याचा बंदोबस्त आन् पिन्याच्या पान्याची हिफाजत. कलम एक. घान पानी पिन्याच्या पान्यापासून दोनशे हात दूर ठेवावं."

"बराबर," काकासाहेब म्हणाले.

"कलम दोन. ते पानी एकामागं एक तीन खड्ड्यांतून न्यावं. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात राहिलेला बसतो, तिसऱ्यात पानी निवळतं."

"शहान्या मानसानं लिव्हलंय," दाराबाहेरून इंद्रायणी म्हणाली. इतर बायांनी माना हलवल्या. सरकारी कागदात कुणाला आपल्या मनातलं सापडावं, असं चावडीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"कलम तीन. तिसऱ्या खड्ड्यातून ते नळानं समंदरात अर्धा मैल आत न्यावं, आन् भरतीच्या वक्ताला सोडू नये. न्हाई तर किनाऱ्याला परत येतं."

बायांच्या माना हलायच्या थांबल्या.

"कुठं न्यावं म्हनला?" काकासाहेबांनी विचारलं.

"समंदरात."

"पुढं वाच. पुढं काई खुलासा असंल."

पुढे खुलासा नव्हता, वीस रकान्यांचा तक्ता होता. झालं होतं ते असं. वरच्या दफ्तरातले कुणी साहेब कुठल्याशा बंदराच्या गावी जाऊन आले होते. तिथला सांडपाण्याचा बंदोबस्त त्यांना फार आवडला. आवडण्यासारखाच होता. त्यांनी त्याची नक्कल आणली, हजार प्रती छापून घेतल्या आणि गावोगावच्या दरख्वास्तींना लावून दिल्या. आपल्या मुलुखाला समुद्रच नाही, हे सांगण्याचं काम कोणत्या खात्याचं, ते ठरलेलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नाही. तक्त्याचा सातवा खाना होता समुद्राचं नाव आणि गावापासून अंतर. आठवा, भरतीची उंची. नववा, समुद्रावर पोट भरणारे लोक. खाली ठळक लिहिलं होतं की सर्व खाने भरून आल्यास मंजुरी ताबडतोब मिळेल, आणि एकही खाना रिकामा राहिल्यास कागद परत येईल.

"त्यात काय?" रायभान म्हणाला. "समंदर न्हाई, असं लिहितो."

त्याने तसं लिहिलं. पंधरा दिवसांनी कागद परत आला. समासात शेरा होता, 'नाही असल्यास का नाही, याची तफसील द्यावी.'

रायभानने रात्रभर नव्हे, पण एक अख्खी दुपार विचार केला आणि लिहिलं, 'गाव बसलं त्या वेळेपासूनच समंदर नव्हता, असं गावातले बुजुर्ग सांगतात.' हा कागद आठ दिवसांत परत आला. या वेळी शेऱ्याखाली दोन सह्या होत्या. 'इतकी वर्षं समंदर नसताना वेळेवर इत्तिला-खबर का दिली नाही? जबाबदार कोण, त्याचं नाव कळवावं.'

"जबाबदार म्हनून माझंच नाव जाईल," रायभान काकासाहेबांना म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "वीस साल नौकरी केली. आता समंदर ठिवला न्हाई म्हनून घरी बसवतील."

"रायभान, सरकारला न्हाई हा शब्द चालत न्हाई. माझं सारं आयुष्य गेलं, मला म्हाईत हाय. आपल्याकडं पानी साचतं असं काय हाय?"

"गावतळं."

"मंग झालं. त्येच लिव्ह."

"अहो काकासाहेब, ते कुठं समंदर हाय?"

"सरकारनं कुठं पाह्यलाय समंदर? पाह्यला असता तर आपल्याला इचारला असता का?"

यात खोट काढणं अवघड होतं. आषाढ दीड महिन्यावर आला होता. रायभानने दौतीत टाक बुडवला आणि सातव्या खान्यात लिहिलं, 'समंदर : गावतळं. अंतर : पाव कोस.' आठवा खाना 'मुआयन्याअंती कळेल' असा, म्हणजे पाहणीवर ढकलून, भरला. नवव्यात धुळाजीचं नाव घातलं. धुळाजी हा त्याचा चुलतभाऊ, तळ्याकाठी मेंढ्या बसवायचा. गुडघ्याच्या वर पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कागदोपत्री तो त्या दिवशी दर्यावर्दी झाला.

वैशाख संपता संपता मुआयन्याला सफाईचे दरोगा बद्रीनाथ आले. तट्टावरून सोळा मैल उन्हात आले होते. डोक्यावर ओलं फडकं होतं, तेही वाटेत वाळून गेलं होतं. पेन्शनीला दोन वर्षं राहिलेला हा माणूस. जगात सफाई होणार नाही अशी त्यांची आता खात्री पटली होती, फक्त ती आपल्या हयातीत कागदावर व्यवस्थित राहावी, एवढीच इच्छा होती.

रायभान आणि काकासाहेब त्यांना तळ्यावर घेऊन गेले. तळ्याला तडे गेले होते. मधोमध, जिथे जरा गारवा होता तिथे, धुळाजीच्या मेंढ्या बसल्या होत्या आणि त्यांच्यात धुळाजी बसला होता.

"हा समंदर?" बद्रीनाथांनी विचारलं.

"जी," रायभान म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"पानी कुठंय?"

"वैशाख हाय, साहेब," काकासाहेब म्हणाले.

बद्रीनाथ काठावरच्या दगडावर बसले. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं, आणि मग आलो त्या रस्त्याकडे पाहिलं. समुद्र नाही असं लिहिलं, तर रायभानने खोटं का लिहिलं याची चौकशी लागेल. चौकशीला तीन खेपा. याच उन्हात, याच तट्टावर. त्यांनी बस्त्यातून वही काढली. मुआयन्याच्या तक्त्यात एक खाना होता, 'पाहणीच्या वेळची स्थिती : भरती की ओहोटी.' दरोगांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा निवांतपणा आला आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ओहोटी.'

"कधीपासून हाय ही ओहोटी?"

"माघापासून," धुळाजी म्हणाला. त्याला वाटलं तळ्याचं विचारतात.

"आन् परत पानी कवा येतं?"

"मिरगानंतर. देवाच्या मनात असंल तर."

'भरती साल में एक बार,' बद्रीनाथांनी लिहिलं. "उंची किती होती तवा?"

धुळाजीने प्रामाणिकपणे विचार केला. "मेंढी बुडती. मानूस बुडत न्हाई."

तेही लिहिलं गेलं. मग दरोगांनी पिण्याला पाणी मागितलं. काकासाहेबांनी घाईने ताक मागवलं, आणि वाटेत बारवेवरून जाताना बद्रीनाथांनी फडकं नाकाला का लावलं, हे कुणी विचारलं नाही.

यानंतरचे दिवस रायभानला फार जड गेले. इंद्रायणी नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून, दीड मैलावरून पाणी आणू लागली. दोन घागरींत घर भागेना. घागर उतरवताना ती फक्त कमरेवर हात ठेवून उभी राही आणि तेवढ्यात रायभानला सगळं ऐकू येई.

जेठात हुकूम आला. रायभानने तो ठाण्यात एकट्याने वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला आणि घरी आला. इंद्रायणी ज्वारी निवडत होती.

"काय झालं?"

त्याने वाचून दाखवलं. 'सदर गाव समंदरापासून पाव कोसावर आहे, हे मुआयन्यात शाबित झालं. समंदराच्या इतक्या नजीकच्या विहिरीचं पाणी खारं असतं, असं जाणत्यांचं मत आहे. खारं पाणी पिण्याच्या कामाचं नसल्यानं त्याच्या हिफाजतीची गरज नाही. सबब दरख्वास्त खारिज. सदर बारव पिण्याच्या पाण्याच्या यादीतून कमी केली आहे. या बारवेशी आणि तिच्याकडे जाणाऱ्या नालीशी यापुढे सरकारचा ताल्लुक-संबंध नाही.'

वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या दरख्वास्ती खारिज झालेल्या वाचून दाखवल्या होत्या. ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते आज कळलं. त्याला रडू येत होतं आणि आपल्या या वयात ते बरं दिसणार नाही असंही वाटत होतं.

"उद्या वडीगोद्रीला निरोप धाडतो," तो म्हणाला. "आशीला तिकडंच राहू द्या म्हनतो."

इंद्रायणीचे हात सुपात थांबले. "शेवटचं पुन्यांदा वाचा."

"काय वाचायचं त्यात?"

"वाचा तर."

"या बारवेशी आन् तिच्याकडं जानाऱ्या नालीशी सरकारचा ताल्लुक न्हाई."

"म्हंजी बारव आता कोनाची?"

"कोनाचीच न्हाई."

"आन् नाली?"

"ती बी न्हाई."

"मंग तिचा दगुड हलवला, तर पेशीला कोन बोलवनार?"

रायभानने कागद उलटून पाहिला. मागे कोरं होतं. "कोनीच न्हाई," तो सावकाश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणी कुदळ घेऊन निघाली. तिच्यामागे आळीतल्या बाया टोपली-फावडी घेऊन निघाल्या. ज्यांची लेकरं गेल्या साली गेली होती त्या दोघी सगळ्यांत पुढे होत्या. पुरुष पारावर बसून, सरकार कुठून येतंय का ते पाहत राहिले. दुपारपर्यंत सरकार आलं नाही. तेव्हा काकासाहेब पारावरून उतरले आणि टिकाव मागून घेतला. त्यांना तो उचलता आला नाही, पण ते पाहून बाकीच्यांना बसवेना. कचरूने ते दोन दगड स्वतः काढले, आणि काढून झाल्यावर सवयीने इकडेतिकडे पाहिलं.

काम मात्र सरकारच्या कलमांप्रमाणेच झालं. बारवेपासून दोनशे हातांवरून नाली वळवली, एकामागे एक तीन खड्डे खणले, आणि तिसऱ्यातलं निवळलेलं पाणी समुद्राऐवजी बाभळबनात सोडलं. बारव उपसली, चार हात काळा गाळ काढला, पायऱ्या घासल्या. आठव्या दिवशी कोपऱ्यातल्या झऱ्याने स्वच्छ पाणी टाकलं. इंद्रायणी ओंजळभर प्यायली आणि पायरीवरच बसून राहिली. तिला खूप थकवा आला होता. तिने रायभानला सांगितलं, "आशीला घेऊन या."

आषाढात आशा आली. श्रावणात तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण सरकारी कागद आपल्या सोयीने संपत नसतात.

भादव्यात पत्र आलं. 'खारी म्हणून यादीतून कमी केलेल्या बारवेचं पाणी खरोखरच खारं आहे काय, ते चाखून कळवावं. गोडं निघाल्यास बारव पुन्हा यादीत घ्यावी आणि नाली पूर्ववत करून द्यावी.' चाखायला दरोगा बद्रीनाथ येत होते.

रायभान धावत काकासाहेबांकडे गेला. काकासाहेब घोंगडीवरून न उठताच म्हणाले, "मीठ घाल."

"बारवेत?"

"तांब्यात, बाबा."

तेव्हा रायभानने घरी येऊन तांब्याभर पाण्यात दोन मुठी मीठ घातलं, बोटाने ढवळलं आणि ओट्यावर झाकून ठेवलं. दुपारी बद्रीनाथ आले. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. तट्टावरून उतरताना त्यांनी काठोकाठ भरलेल्या गावतळ्याकडे नजर टाकली आणि "भरती आली म्हनायची," एवढंच पुटपुटले. अंगण ओलांडून ते रायभानच्या ओसरीवर येऊन टेकले तेव्हा त्यांच्या ओठांना सालपटं सुटली होती.

"ते बारवेचं पानी द्या, रायभानराव. चाखून लिहितो आन् सुटतो."

रायभानने झाकलेला तांब्या पुढे केला. तो त्यांच्या हातात जायच्या आत इंद्रायणी बाहेर आली, तिने तांब्या घेतला आणि अंगणात ओतून दिला.

"अगं," रायभान म्हणाला.

"उन्हातून आलेल्या मानसाला माझ्या दारात असलं पानी न्हाई द्यायचं," ती म्हणाली. "नौकरी ऱ्हावो न्हाई तर जावो." तिने आतून बारवेच्या पाण्याचा लख्ख तांब्या आणला आणि वाटीत गुळाचा खडा ठेवला, तालेवार पाहुण्यापुढे ठेवावा तसा.

रायभानने भिंतीला पाठ टेकली. त्याला पुढचं सगळं दिसलं. दगड परत बसणार, तिसऱ्या पायरीवर पाणी उतरणार, आणि आत पाळण्यात तीन आठवड्यांची पोर.

बद्रीनाथांनी गूळ तोंडात टाकला आणि तांब्या उचलला. एक घोट घेतला. थांबले. मग डोळे मिटून सगळा तांब्या घटाघटा रिकामा केला. आत पोर कुरकुरली आणि आशाने तिला थोपटल्याचा आवाज आला.

"नात?" दरोगांनी विचारलं.

"जी."

"हेच पानी देता का तिला?"

"उकळून देतो," इंद्रायणी म्हणाली.

बद्रीनाथांनी मान डोलावली. रिकाम्या तांब्यात एकदा वाकून पाहिलं. मग वही काढून, बोट ओलं करून पान उलटलं आणि टाक चालवत मोठ्याने वाचत लिहिलं, "चाखून पाह्यलं. पानी बिलकुल खारं हाय. पिन्याच्या कामाचं न्हाई."

दरोगांनी वही बस्त्यात बांधली, तट्टाच्या खोगिराला लटकावलेली मातीची रिकामी सुरई सोडून आणली आणि इंद्रायणीपुढे धरली.

"येवढी भरून द्या, बाई," ते म्हणाले. "आमच्या तालुक्याला असं खारं पानी मिळत न्हाई."